टॅबलेटवरचे चित्रकला-संपादनाचे सॉफ्टवेअर आणि वर्गणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुखपृष्ठे, पुस्तकांतील चित्रे, लग्नपत्रिका, जाहिराती आणि छोट्या चित्रफिती टॅबलेटवर तयार करणाऱ्या मंडळींकडून मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. 'सबस्क्रिप्शन'साठी सर्वत्र 'वर्गणी' हा शब्द वापरला आहे. किमती ज्या वर्षाच्या आहेत त्या वर्षासह दिल्या आहेत. त्या बदलत असल्याने पैसे भरण्यापूर्वी अ‍ॅप स्टोअरमधील त्या दिवशीची किंमत पाहावी.

१. वर्गणी आणि 'एकदाच पैसे' यांत नेमका फरक काय?

दोन्ही प्रकारांत आपण सॉफ्टवेअरचे मालक होत नाही. आपल्याला ते वापरण्याचा परवाना मिळतो. एकदाच पैसे भरले की घेतलेली आवृत्ती, यंत्र आणि त्यातली प्रणाली (ऑपरेटिंग सिस्टिम) साथ देईल तोवर, आपण वापरू शकतो. वर्गणीत परवान्याला मुदत असते आणि पैसे थांबले की वापरही थांबतो.

'वर्गणी' हा शब्द आपल्याला मासिकांमुळे ओळखीचा आहे, पण मासिकाची वर्गणी संपली तरी जुने अंक कपाटात राहतात आणि कधीही काढून वाचता येतात. सॉफ्टवेअरच्या वर्गणीत तसे होईलच असे नाही. आपण स्वतः काढलेले चित्रसुद्धा ते उघडणारे साधन हातात नसल्यामुळे बंद कपाटात पडून राहू शकते. पुढील बहुतेक उत्तरांच्या मुळाशी हाच मुद्दा आहे.

२. हा बदल कधी आणि का झाला?

संगणकावर या बदलाची ठळक तारीख मे २०१३ ही आहे. फोटोशॉप, इलस्ट्रेटर वगैरेंचा संच असलेल्या क्रिएटिव्ह सूटच्या सहाव्या आवृत्तीनंतर एकरकमी विक्रीची नवी आवृत्ती येणार नाही आणि पुढचे सर्व काही क्रिएटिव्ह क्लाउड या वर्गणीतच मिळेल, असे अ‍ॅडोबीने त्या महिन्यात जाहीर केले.

टॅबलेटची वाट थोडी वेगळी होती. २०१० मध्ये आयपॅड आला तेव्हा त्यावरची अ‍ॅप्स काही डॉलरांना मिळत आणि लोकांना त्या किमतीची सवय झाली. नोव्हेंबर २०१५ मध्ये आयपॅड प्रो आणि अ‍ॅपल पेन्सिल आल्यावर याच यंत्रावर पोटापाण्याचे काम होऊ लागले, पण दुकानाची रचना जुनीच राहिली. अ‍ॅप स्टोअरमध्ये जुन्या ग्राहकाकडून नव्या मोठ्या आवृत्तीसाठी कमी दरात पैसे घेण्याची सोय नव्हती. दरवर्षी आयपॅडची नवी प्रणाली येते आणि तिच्याशी जुळवून घेण्यासाठी प्रोग्रामरला दरवर्षी काम करावे लागते. पैसे मात्र पहिल्या खरेदीच्या वेळी एकदाच मिळत. नवे ग्राहक येत होते तोवर हे निभावले.

जून २०१६ मध्ये अ‍ॅपलने सर्व प्रकारच्या अ‍ॅप्सना वर्गणी खुली केली आणि एखादा ग्राहक वर्षभर टिकला तर त्यानंतर अ‍ॅपचा निर्माता ७० ऐवजी ८५ टक्के रक्कम स्वतःकडे ठेवू शकेल असे ठरवले. अनेक छोट्या कंपन्या वर्गणीकडे वळल्या त्या तेव्हापासून. या सर्वांना लोभी म्हणणे मला योग्य वाटत नाही, कारण दोन-चार माणसांच्या कंपनीला दरमहा पगार करावा लागतो. माझा आक्षेप वर्गणी घेण्याला नाही. ती संपल्यावर आपल्याच फाइलींना कुलूप लागते, त्याला आहे.

३. टॅबलेटवरची आवृत्ती संगणकावरच्या सॉफ्टवेअरइतकी पूर्ण असते का?

नावावरून तसे गृहीत धरू नये. फोटोशॉप आयपॅडवर ४ नोव्हेंबर २०१९ रोजी आले, तेव्हा संगणकावरील अनेक सोयी त्यात नव्हत्या आणि वापरणाऱ्यांनी त्याबद्दल जाहीर नाराजी व्यक्त केली. पुढे सोयी वाढत गेल्या. इलस्ट्रेटर २०२० मध्ये आले. याउलट ब्रिटनमधील नॉटिंगहॅमच्या सेरिफ कंपनीचे अ‍ॅफिनिटी फोटो जून २०१७ मध्येच, संगणकाच्या आवृत्तीच्या बरेच जवळ जाणारे रूप घेऊन, एकरकमी किमतीत आयपॅडवर आले होते.

फाइल कोणत्या दिशेने जाते हेही पाहावे. मे २०२३ मध्ये आयपॅडसाठी चित्रफिती संपादनाचे फायनल कट प्रो आले तेव्हा आयपॅडवरचा प्रकल्प मॅकवर उघडता येत होता, मॅकवरचा आयपॅडवर आणता येत नव्हता. त्याच दिवशी आलेल्या, संगीतासाठीच्या लॉजिक प्रोमध्ये मात्र दोन्ही दिशांनी ये-जा होती. यंत्राची अटही वेगवेगळी होती : फायनल कटला एम१ किंवा त्यापुढची चिप लागे, तर लॉजिक ए१२ चिपवरही चाले. वर्गणी भरल्यावर आपले यंत्र चालत नाही हे कळण्यापेक्षा आधी अ‍ॅपच्या पानावरील 'सुसंगतता' हा भाग वाचावा.

४. एकदाच पैसे भरून मिळणारे चांगले सॉफ्टवेअर आता उरले आहे का?

आहे, आणि व्यावसायिक दर्जाचे आहे. ऑस्ट्रेलियातील टास्मानिया बेटावर होबार्ट येथे असलेल्या सॅव्हेज इंटरॅक्टिव्हचे प्रोक्रिएट हे चित्रकलेचे अ‍ॅप २०११ पासून एकरकमी किमतीतच विकले जाते. त्याच कंपनीचे हलत्या चित्रांसाठीचे प्रोक्रिएट ड्रीम्स नोव्हेंबर २०२३ मध्ये १९.९९ डॉलर एवढ्या एकरकमी किमतीत आले.

चित्रफितींसाठी ब्लॅकमॅजिक डिझाइनचे दाविंची रिझॉल्व्ह डिसेंबर २०२२ मध्ये आयपॅडवर विनामूल्य आले. त्याच्या 'स्टुडिओ' आवृत्तीसाठी त्या वेळी ९४.९९ डॉलर एकदाच भरावे लागत. लुमाफ्यूजनही मुळात एकरकमी खरेदीचेच अ‍ॅप आहे, पण त्यात तयार मिळणाऱ्या (स्टॉक) चित्रफिती आणि संगीतासाठी वेगळी वर्गणी आहे. ती ऐच्छिक असल्याने खरेदी करताना दोन्हींची गल्लत करू नये.

अ‍ॅफिनिटीची गोष्ट अजून चालू आहे. मार्च २०२४ मध्ये ऑनलाइन डिझाइनची सोय देणाऱ्या कॅन्व्हा कंपनीने सेरिफ विकत घेतली, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये अ‍ॅफिनिटीचे एकत्रित नवे रूप संगणकासाठी विनामूल्य झाले; कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सोयी मात्र कॅन्व्हाच्या सशुल्क ग्राहकांसाठी ठेवल्या गेल्या. विनामूल्य म्हणजे कायमस्वरूपी, असा अर्थ घेऊ नये. विकत घेतलेली वस्तू आणि फुकट वापरू दिलेली वस्तू यांत, अटी बदलण्याची वेळ आली की फरक जाणवतो.

५. फायनल कट मॅकवर एकदाच घेता येते. मग आयपॅडवर वर्गणी का? यात नुकसान किती?

कारणासाठी प्रश्न २ पाहावा. हिशेब असा आहे. २०२३ मध्ये मॅकची आवृत्ती २९९.९९ डॉलरना होती आणि आयपॅडची वर्गणी महिन्याला ४.९९ किंवा वर्षाला ४९ डॉलर होती. सहा वर्षांची वर्गणी २९४ डॉलर होते. म्हणजे सहा वर्षांहून जास्त काळ सलग वापरणाऱ्यालाच वर्गणी महाग पडते. लॉजिकची मॅक आवृत्ती १९९.९९ डॉलरना असल्यामुळे तिथे हा टप्पा चार वर्षांनंतरच येतो.

मात्र हा हिशेब नवशिक्याला दिलासा देणारा असला तरी तो पूर्ण नाही. ज्याने मॅकवर आधीच पैसे भरले आहेत त्याला आयपॅडसाठी वेगळे भरावे लागले. शिवाय सहा वर्षांनी एकरकमी घेणाऱ्याच्या हाती चालणारी वस्तू असते, वर्गणीदाराच्या हाती पुढच्या हप्त्याची तारीख.

६. वर्गणी बंद केली तर माझ्या जुन्या फाइलींचे काय होते?

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, आणि तो पैसे भरण्यापूर्वी विचारायला हवा. काही अ‍ॅप्स मुदत संपल्यावर फाइल पाहू देतात पण बदलू देत नाहीत, काही बाहेर काढू देतात, काही दारातच अडवतात. प्रत्येक अ‍ॅपच्या मदतपानावर 'प्लॅन संपल्यावर' अशा अर्थाचा मजकूर असतो. तो सापडला नाही तर कंपनीला लेखी विचारावे.

माझा अनुभव सांगतो. एका दिवाळी अंकाचे मुखपृष्ठ मी वर्गणीवरच्या एका अ‍ॅपमध्ये केले होते. रात्रीची नदी, घाट, पाण्यावर सोडलेले दिवे, असे ते चित्र होते आणि त्यात ४३ थर (लेअर) होते. छापखान्याला सर्व थर एकत्र केलेली टिफ फाइल दिली, अंक निघाला, काही महिन्यांनी मी वर्गणी थांबवली. दोन वर्षांनी संपादकांचा फोन आला की तेच चित्र एका संग्रहासाठी हवे आहे, फक्त रात्रीच्या जागी पहाटेचे आकाश करून द्यावे. अ‍ॅप उघडले. गॅलरीत चित्राचा अंगठ्याएवढा नमुना दिसत होता, दिव्यांचा पिवळा रंगसुद्धा ओळखू येत होता, आणि त्यावर बोट ठेवले की दरवेळी किमतींचा तक्ता समोर येई. एका महिन्याची वर्गणी भरून काम झाले; रक्कम फार नव्हती. पण ते ४३ थर मी माझ्या हाताने रंगवले होते आणि ते पाहण्यासाठी मला परवानगी घ्यावी लागत होती, ही गोष्ट मला लागली. त्या दिवसापासून काम संपले की बिल लिहिण्याआधी मी थरांसह फाइल बाहेर काढून ठेवतो.

एकरकमी अ‍ॅपमध्येही निष्काळजीपणा परवडत नाही. प्रोक्रिएटची चित्रे अ‍ॅपच्या आत, त्या आयपॅडवरच साठवलेली असतात. जागा मोकळी करण्यासाठी अ‍ॅप काढून टाकले तर प्रत न घेतलेली सगळी गॅलरी त्याबरोबर जाते. हे घडलेले लोक मला दरवर्षी भेटतात.

७. मग फाइल कोणत्या प्रकारात बाहेर काढावी?

थरांसाठी पीएसडी हा, मूळचा फोटोशॉपचा, सर्वांत व्यापक प्रकार आहे. प्रोक्रिएट, क्लिप स्टुडिओ पेंट, अ‍ॅफिनिटी आणि क्रिटा ही चित्रांची सगळी अ‍ॅप्स त्याच्याशी व्यवहार करतात. प्रोक्रिएटमध्ये पान्याच्या चिन्हावर बोट ठेवून 'शेअर' निवडले की पीएसडीचा पर्याय दिसतो. त्याच वेळी अ‍ॅपच्या स्वतःच्या प्रकारातली प्रतही ठेवावी, कारण चित्र घडतानाची चित्रफीत पीएसडीमध्ये येत नाही. तिसरी प्रत छपाईच्या आकारात, थर एकत्र करून, टिफ किंवा पीडीएफ अशी ठेवावी. ए४ पानाला ३०० डीपीआयने (दर इंचाला ३०० ठिपके) २४८० गुणिले ३५०८ पिक्सेल लागतात, हे काम सुरू करतानाच पाहावे; नंतर वाढवलेला आकार छपाईत पुसट दिसतो. पीएनजी प्रकारात छपाईचे सीएमवायके रंग राहत नाहीत, म्हणून तो छापखान्यासाठी वापरू नये.

या तिन्ही प्रती टॅबलेटच्या बाहेर, शक्य तर दोन ठिकाणी असाव्यात. फक्त कंपनीच्या क्लाउडमध्ये ठेवलेल्या प्रतीला मी प्रत मानत नाही.

८. मासिक वर्गणी थांबवायला गेलो तर दंड मागितला. हे कसे?

बहुधा आपण घेतलेली योजना मासिक नसून 'वार्षिक करार, दरमहा हप्ता' अशी असावी. दोन्हींत पैसे दरमहाच जातात, म्हणून फरक लक्षात येत नाही. अ‍ॅडोबीच्या अशा करारात पहिल्या १४ दिवसांनंतर मध्येच बाहेर पडल्यास उरलेल्या हप्त्यांच्या निम्मी रक्कम आकारली जाई. ही अट ग्राहकाला ठळकपणे सांगितली नाही आणि रद्द करण्याची वाट अवघड ठेवली, असा आरोप करत अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या तक्रारीवरून जून २०२४ मध्ये तेथील सरकारने कंपनीविरुद्ध खटला दाखल केला.

खरेदीच्या वेळी 'वार्षिक' हा शब्द हप्त्याशेजारी बारीक अक्षरांत तरी आहे का, ते शोधावे. खरोखर महिन्याचा करार दिसायला महाग असतो, पण कधीही सोडता येतो. तो कोणाला परवडतो ते प्रश्न ११ मध्ये पाहावे.

९. अ‍ॅप काढून टाकले, तरी पैसे कापले गेले. वर्गणी नीट बंद कशी करायची?

अ‍ॅप काढल्याने वर्गणी बंद होत नाही. ती जिथून घेतली तिथूनच रद्द करावी लागते. अ‍ॅप स्टोअरमधून घेतली असेल तर आयपॅडच्या सेटिंग्जमध्ये सर्वांत वर आपले नाव, त्यात 'सबस्क्रिप्शन्स', त्यात ते अ‍ॅप, अशी वाट आहे. कंपनीच्या संकेतस्थळावरून घेतली असेल तर ती या यादीत दिसणारच नाही. तिथे जाऊनच रद्द करावी. विनामूल्य चाचणीचा काळही आपोआप सशुल्क होतो, म्हणून चाचणी सुरू केली त्याच दिवशी दिनदर्शिकेत शेवटच्या तारखेच्या दोन दिवस आधीची खूण करावी.

भारतात रिझर्व्ह बँकेच्या नियमांचा आधार आहे. १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमेसाठी पहिल्या वेळी ग्राहकाची अतिरिक्त पडताळणी आणि प्रत्येक कपातीच्या किमान २४ तास आधी सूचना आवश्यक झाली. पडताळणीशिवाय कापता येणाऱ्या रकमेची मर्यादा सुरुवातीला ५,००० रुपये होती, ती जून २०२२ मध्ये १५,००० रुपये झाली. ती सूचना जाहिरात समजून पुसू नये. यूपीआयवरून मंजुरी दिली असेल तर आपल्या यूपीआय अ‍ॅपमधील 'ऑटोपे' या भागात सर्व चालू मंजुऱ्या एकत्र दिसतात, आणि वर्षातून एकदा ती यादी वाचली तर विसरलेले एखादे अ‍ॅप सापडतेच.

१०. पूर्ण पैसे देऊन घेतलेले अ‍ॅप नंतर वर्गणीवर गेले. आता माझा हक्क काय?

अ‍ॅपलच्या नियमांत असे स्पष्ट म्हटले आहे की वर्गणीकडे वळणाऱ्या अ‍ॅपने जुन्या ग्राहकांनी पैसे भरून घेतलेल्या मुख्य सोयी काढून घेऊ नयेत. नोव्हेंबर २०२१ मध्ये टिपणांसाठीच्या नोटॅबिलिटी या अ‍ॅपने जुन्या ग्राहकांना वर्षभरच पूर्वीच्या सोयी देण्याचे जाहीर केले. दोनच दिवसांत एवढी ओरड झाली की कंपनीला त्या सोयी कायम ठेवण्याचे मान्य करावे लागले. त्यामुळे कंपनीला आणि अ‍ॅपललाही लिहावे. पत्र वाया जात नाही.

नव्या सोयींवर मात्र हा हक्क पोहोचत नाही. क्लिप स्टुडिओ पेंट बनवणाऱ्या जपानच्या सेल्सिस कंपनीने ऑगस्ट २०२२ मध्ये सांगितले की संगणकासाठी एकरकमी परवाना घेतलेल्यांना यापुढे नव्या सोयी आपोआप विनामूल्य मिळणार नाहीत. त्यावर जगभरातील चित्रकार संतापले, पण घेतलेली आवृत्ती त्यांच्याकडे राहिली. (आयपॅडवर हे अ‍ॅप २०१७ मध्ये आले ते वर्गणीवरच.)

११. माझे काम वर्षातून तीन-चार महिनेच असते. वर्षभर वर्गणी भरणे गरजेचे आहे का?

नाही. दिवाळी अंकांसाठी चित्रे काढणाऱ्यांचे काम बहुधा श्रावणापासून दसऱ्यापर्यंत असते, आणि त्यांच्यासाठी खरोखरची मासिक वर्गणी ही एकरकमी खरेदीपेक्षाही सोयीची ठरू शकते. वर दिलेल्या ४.९९ आणि ४९ डॉलरच्या उदाहरणात नऊ महिन्यांपर्यंत मासिक दर स्वस्त पडतो आणि दहाव्या महिन्यापासून वार्षिक. प्रत्येक अ‍ॅपसाठी वार्षिक रकमेला मासिक रकमेने भागावे. जो आकडा येईल त्याहून कमी महिने काम असेल तर मासिक घ्यावी. मात्र हंगाम संपताना, वर्गणी थांबवण्याच्या आधी, प्रश्न ७ मधील तिन्ही प्रती काढून घ्याव्यात, कारण संपादक दुरुस्ती सांगतात ती नेमकी मुदत संपल्यावर.

१२. या अ‍ॅप्समध्ये मराठी अक्षरे नीट उमटतात का?

सर्वांत नाही, आणि किमतीचा याच्याशी संबंध नाही. अ‍ॅफिनिटीच्या पहिल्या दोन आवृत्त्यांमध्ये देवनागरी जोडाक्षरांची मांडणी नीट होत नसे. पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे न जाता उजवीकडे पडे आणि जोडाक्षरे हलन्तासह सुटी दिसत. एवढे चांगले सॉफ्टवेअर मराठी मुखपृष्ठाच्या शीर्षकासाठी त्यामुळे निरुपयोगी ठरले, याची मला आजही हळहळ वाटते. फोटोशॉप आणि इलस्ट्रेटरमध्ये संगणकावर भारतीय लिप्यांसाठी वेगळी मजकूर-मांडणी निवडावी लागते. टॅबलेटवर ती कितपत चालते ते आपल्या मजकुरावरच पाहावे.

चाचणीच्या काळात 'दुसऱ्या', 'कीर्ती', 'उद्घाटन', 'श्रीकृष्ण', 'तऱ्हा' आणि 'किंकर्तव्यमूढ' हे शब्द टाइप करावेत. दुसऱ्यातला अर्धा र आणि कीर्तीतला रफार जागेवर बसले तर बहुतेक काम निभावते. मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' हवे असतील तर टंक (फॉन्ट) तपासावा, कारण अनेक टंकांत हिंदी वळणच आधी उमटते.

आयपॅडवर २०१९ च्या तेराव्या प्रणालीपासून बाहेरचे टंक बसवता येतात. 'एक टाइप' या संस्थेचे 'मुक्त' आणि 'बलू' हे खुल्या परवान्याचे टंक त्यासाठी घेता येतात. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या टंकांत केलेला मजकूर मात्र आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो. एवढे करूनही शीर्षक बिघडत असेल तर अक्षरे संगणकावर मांडून चित्र म्हणून आणावीत, किंवा हाताने काढावीत. टॅबलेटवर सुलेखन तर उत्तम होते.

१३. आयपॅड परवडत नाही. अँड्रॉइड टॅबलेटवर काय मिळते?

क्लिप स्टुडिओ पेंट २०२० पासून अँड्रॉइडवर वर्गणीने मिळते, लुमाफ्यूजनही आहे, आणि क्रिटा हे मुक्त सॉफ्टवेअर पूर्णपणे विनामूल्य आहे. मात्र ते मोठ्या पडद्यावरच वापरण्यासारखे आहे. प्रोक्रिएट अँड्रॉइडवर नाही. त्याच नावाचे काही तिथे दिसले तर ते मूळ अ‍ॅप नव्हे, त्यासाठी पैसे भरू नयेत.

१४. वडील चित्रकार होते. त्यांच्या पश्चात त्यांच्या आयपॅडवरची चित्रे आम्हाला कशी मिळतील?

हा प्रश्न आजवर तीन घरांतून आला. अ‍ॅपलने डिसेंबर २०२१ मध्ये 'लेगसी कॉन्टॅक्ट' ही सोय आणली. त्यात जिवंतपणी नेमलेल्या व्यक्तीला मृत्यूच्या दाखल्यासह अर्ज करून आयक्लाउडमधील फोटो, फाइली आणि यंत्राचा बॅकअप मिळू शकतो. पण विकत घेतलेली अ‍ॅपमधील सामग्री आणि वर्गण्या त्या वारशात येत नाहीत. म्हणजे फाइल हाती आली तरी ती उघडण्यासाठी आपल्या खात्यावर ते अ‍ॅप घ्यावे लागेल. बॅकअप चालू नसेल आणि आयपॅडचा पासकोडही माहीत नसेल, तर ती चित्रे मिळण्याची वाट जवळपास बंद होते. अंदाजाने आकडे टाकत राहिल्यास यंत्र लॉक होते आणि मग आतले सगळे पुसूनच ते पुन्हा सुरू करता येते, म्हणून तसे करू नये.

पासकोड माहीत असेल तर आधी वर्गणीची मुदत पाहावी आणि ती चालू असतानाच प्रत्येक चित्र पीएसडी आणि टिफ या दोन्ही प्रकारांत बाहेर काढावे. खाते किंवा बँकेची मंजुरी त्यानंतर बंद करावी, आधी नाही. यातल्या एका घरी मुलीने आठ दिवस रोज संध्याकाळी बसून दोनशेहून अधिक चित्रे अशी काढून घेतली आणि प्रत्येकाच्या नावात वडिलांनी गॅलरीत दिलेले नाव जसेच्या तसे ठेवले.